भाऊजी पडल्यानंतरची आठ मिनिटं

मे महिन्याची एकवीस तारीख, मंगळवार. रक्कम अकरा हजार दोनशे. हजर पाच जण: मी, माझी मोठी बहीण, भाऊजी, शेजारचा ट्रॅक्टरवाला आणि विहिरीचा गाळ काढणाऱ्या मजुरांचा मुकादम. गाव आरमोरीपासून बावीस किलोमीटर आत, जंगलाला लागून. अंगणातल्या मांडवाखाली बाजेवर नोटा मोजून ठेवल्या होत्या आणि वाद एका हाताचा होता.

मुकादम म्हणत होता, विहीर चार हात खोल केली. मी टेप टाकून मोजली तेव्हा ती तीन हात आणि वर चार बोटं भरली होती. मी चंद्रपूरला हातपंप दुरुस्तीच्या कार्यालयात कारकून आहे. कोणत्या गावात किती पाइप उतरवले, किती वायसर बदलले, याच्या नोंदी ठेवण्यात माझी चोवीस वर्षं गेली. बाईनं, म्हणजे माझ्या या बहिणीनं, मला विहीर मोजायलाच बोलावलं होतं. भाऊजी निवृत्त शिक्षक. त्यांना घासाघीस जमत नसे.

"गुरुजी, तुमचे साळे टेप घेऊन विहिरीत उतरले तवाच मी समजलो," मुकादम म्हणाला. "आता चिखलाचाही हिशोब होते."

"अरे बावा, माह्या लग्नात यानं उरलेल्या पत्रावळी मोजल्या होत्या," भाऊजी हसत म्हणाले. "तुही विहीर काऊन सोडीन?"

"हसा," बाई म्हणाली. "तुमच्या हातात पैसे देले का अर्धे वाटूनच येता. म्हणून बलावलं त्याले."

भाऊजी नुकतेच शेतावरून आले होते. त्या भागात आता पहाटे कोणी शेतावर जात नाही. वाघाच्या भीतीनं ऊन चांगलं वर आल्यावर चार-पाच जण मिळून निघतात आणि दिवस मावळायच्या आत परततात. त्यामुळे मे महिन्यातही कामं उन्हातच होतात. भाऊजी आठला गेले आणि साडेअकराला परतले होते. शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांनी तांब्याभर पाणी पिऊन बाजेच्या कडेला बसत "अंधारून येऊन राह्यलं बा" असं म्हटलं आणि ते पुढच्या बाजूला जमिनीवर कोसळले. हात आखडले, एक-दोन झटके आले, डोळे वर गेले.

तिथल्या कोणत्याही माणसाला मे महिन्यात अंगणात पडलेला माणूस दिसला तर तो एकच गोष्ट म्हणेल, आणि आम्ही सगळे तेच म्हणालो: ऊन लागलं. ट्रॅक्टरवाल्यानं आणि मुकादमानं त्यांना उचलून बाजेवर निजवलं. नोटा कोणीतरी उशीखाली सारल्या. ट्रॅक्टरवाला डोक्यावर पाणी ओतू लागला. बाई धावत घरात गेली आणि दोन कांदे ठेचून घेऊन आली, तळपायांना घासू लागली. मी १०८ ला फोन लावला. पलीकडच्या माणसानं गाव विचारलं, तालुका विचारला, खूण विचारली, गाडी निघते म्हणाला आणि रेंज गेली.

भाऊजी घोरत होते. घशातून खर्र असा आवाज, जबडा थोडा हलायचा, मग शांत. मग पुन्हा खर्र.

"श्वास चालू आहे," मी सगळ्यांना सांगितलं. "घाबरू नका, श्वास चालू आहे."

आणि मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहून ते श्वास मोजू लागलो. दवाखान्यात विचारतील, नेमकं सांगता आलं पाहिजे, असं मनात होतं. पहिल्या मिनिटात सहा भरले. दुसऱ्यात पाच. नंतर चार. मधे एकदा बाईनं विचारलं, "कसा हाये?" मी हात वर करून तिला थांबवलं, कारण आकडा चुकला असता. मग तीन. मग दोन. ओठ जांभळे होत चालले होते, तेही मी पाहिलं.

दुसऱ्यांदा फोन लागला तेव्हा पलीकडे डॉक्टर होता. श्वास कसा आहे, त्यानं विचारलं. मी सांगितलं, घोरल्यासारखा, मिनिटाला दोन.

"तो श्वास नाही," तो म्हणाला. "हृदय बंद आहे. जमिनीवर घ्या आणि छाती दाबायला लागा. आत्ता."

हे मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयात दोन तासांचं प्रशिक्षण झालं होतं. कमरेपर्यंतची प्लास्टिकची बाहुली आणली होती, मी तिची छाती दाबली होती, हजेरीपटावर सही केली होती आणि वहीत टिपण लिहिलं होतं. नंतर चंद्रपूरला घरी गेलो तेव्हा ती वही काढून पाहिली. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: घोरल्यासारखा श्वास हा श्वास धरू नये.

आम्ही त्यांना शेणानं सारवलेल्या जमिनीवर घेतलं. मी गुडघ्यांवर बसून दोन्ही तळवे छातीच्या मधोमध ठेवले आणि दाबू लागलो. पाचव्या-सहाव्या दाबाला आत काहीतरी कट्‌ झालं. बाहुलीच्या छातीत असा आवाज नव्हता. मी मोठ्यानं मोजत होतो. तीस झाले की थांबून मानेला बोटं लावून नाडी पाहायचो. ती लागायची नाही. मग पुन्हा तीस. असं सहा वेळा झालं.

"सरका," मुकादम म्हणाला. "सारखं काऊन थांबून राह्यले तुम्ही?"

"एकशे ऐंशी झाले. नाडी पाहायला नको का?"

"मले आकडा नका सांगू. दम असला तं माह्यानंतर हात लावजा."

त्यानं दाबायला सुरुवात केली. पन्नाशीचा माणूस, आयुष्यभर दगड-माती उपसलेला. तो मोजत नव्हता. नाडी पाहत नव्हता. एका लयीत दाबत होता आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ देत होता. चार-पाच मिनिटांत भाऊजींच्या ओठांचा रंग थोडा बदलला. बाईनं तो पाहिला आणि ती कांदा हातात धरून तशीच उभी राहिली. मुकादम थकला की मी, मी थकलो की ट्रॅक्टरवाला, मग पुन्हा मुकादम. नंतर मीही थांबणं सोडलं.

गाडी आली तेव्हा बारा वाजून सतरा मिनिटं झाली होती. गाडीतल्या डॉक्टरनं छातीला दोन पट्ट्या चिकटवल्या. छोट्या पडद्यावर रेघ नुसती थरथरत होती. त्यानं सगळ्यांना दूर व्हायला सांगितलं आणि झटका दिला. शरीर उचललं गेलं. पुन्हा दाबणं, पुन्हा झटका. दुसऱ्या झटक्यानंतर रेघेला टोकं आली, त्यानं मानेला हात लावला आणि म्हणाला, "लागली."

बाई तिथंच खाली बसली. मुकादमानं कपाळ पुसलं. त्याची मनगटं सुजली होती. तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवाल्यानं उशीखालचे अकरा हजार दोनशे त्याला नेऊन दिले. त्यातला एक रुपयाही कापायचा नाही, असं मीच फोनवर सांगितलं होतं.

गडचिरोलीच्या दवाखान्यात त्यांना आत नेलं आणि एक डॉक्टर कागद घेऊन बाहेर आला. तो वय, साखर, रक्तदाब असं एकेक विचारत होता. बाई माझ्या शेजारी उभी होती. तिच्या हातांना अजून कांद्याचा वास येत होता.

"पडल्यापासून छाती दाबायला सुरुवात होईपर्यंत किती वेळ गेला?"

भाऊजी कोसळले तेव्हा मी घड्याळ पाहिलं होतं: अकरा एक्केचाळीस. माझ्या मोबाइलवर पहिला फोन अकरा बेचाळीसचा होता आणि दुसरा अकरा अठ्ठेचाळीसचा. दुसऱ्या फोननंतर त्यांना बाजेवरून खाली घ्यायला एक मिनिट गेलं. मला उत्तर ठाऊक होतं. मी बाईकडे पाहिलं.

"दोन मिनिटं," मी म्हणालो. "दोनेक मिनिटं."

त्यानं दोन लिहिलं.

मी का बोललो तसं, हे मी नंतर अनेकदा स्वतःला विचारलं आहे. बाईला धक्का बसू नये म्हणून, असं काही दिवस मी स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. बाकीची मिनिटं माझी होती, म्हणून मी ती वगळली.

तिसऱ्या दिवशी त्यांना चंद्रपूरला खाजगी दवाखान्यात हलवलं. गडचिरोलीच्या कागदावरचे दोन चंद्रपूरच्या फाइलमध्ये उतरले. हृदयाची बंद झालेली नळी तारेनं उघडण्यात आली. सोनोग्राफीत हृदयाच्या भिंती हलताना मला दाखवल्या. डावीकडची एक बाजू जरा सुस्त होती, बाकी काम ठीक चाललं होतं. रक्तदाब चांगला, लघवी ठीक. फक्त भाऊजी डोळे उघडत नव्हते. चिमटा घेतला तर हात आतल्या बाजूला वळवत.

तिथली डॉक्टर तिशीची होती. मला काका म्हणायची. एका दुपारी मी तिला विचारलं, हृदय चालू झालं, मग माणूस का नाही जागा होत?

"काका, हृदय बंद पडलं तेव्हा अंगात रक्त होतंच," ती म्हणाली. "ते फक्त वाहत नव्हतं. चांगलं हृदय मिनिटाला पाचेक लिटर रक्त फिरवतं. आपण कितीही चांगलं दाबलं तरी त्याचा पाव हिस्सा, फार तर तिसरा हिस्सा फिरतो. तेवढ्यावर मेंदू कसाबसा तग धरतो. पण दाबायच्या आधीचा जो वेळ असतो, त्यात शून्य. मेंदू तो वेळ सहन करत नाही."

"आणि दाबताना मधे थांबलं तर?"

"दाब हळूहळू चढतो. पहिल्या काही दाबांत फारसं काही मिळत नाही. हृदयाच्या स्वतःच्या नळ्यांत रक्त जातं ते छाती वर येते तेव्हा, आणि तेही दाब पुरेसा चढला असेल तरच. तुम्ही थांबलात की तो लगेच उतरतो. पुन्हा पहिल्यापासून."

मला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. वायसर झिजलेल्या हापशीचे पहिले आठ-दहा हापसे कोरडे जातात. पाणी पाइपात चढत असतं, दिसत नाही. तोटीला पाणी येतं न येतं तोच हात थांबवला तर ते खाली उतरतं आणि पाणी भरणारी पुन्हा पहिल्यापासून हापसते. अशा तक्रारींचे अर्ज मी शेकड्यानं आवक वहीत नोंदवले आहेत. एकशे ऐंशी दाबांत मी सहा वेळा थांबलो होतो. दर वेळी पाणी वर आणून मी ते खाली सोडलं होतं, आणि जो मोजतच नव्हता तो मुकादम बरोबर होता.

पण ते एवढं मोठं नव्हतं. मोठी होती ती आधीची मिनिटं.

बाईला मूलबाळ नाही. ती दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर झोपायची. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं आत सोडत, तेव्हा भाऊजींच्या कानाशी बोलायची. विहिरीला पाणी लागलं, टमाटर लावू, असलं काहीतरी. भाऊजींच्या पाठीला जखम झाली होती. तोंडातून घातलेल्या श्वासाच्या नळीनं ओठाचा कोपरा फाटला होता. नवव्या दिवशी डॉक्टरनं आम्हा दोघांना बसवलं.

"तोंडातली नळी आता फार दिवस ठेवता येणार नाही. उद्या गळ्याला छिद्र पाडून तिथून नळी टाकावी लागेल. तपासण्या चांगल्या नाहीत. पण कागदावर दोन मिनिटं आहेत. दोनच मिनिटं असतील तर मेंदूला एवढी इजा व्हायला नको होती. माझं काहीतरी चुकत असेल म्हणून मी आणखी दोन-तीन आठवडे मागते आहे. काका, तुम्हाला नक्की आठवतं ना?"

"हो," मी म्हणालो. "दोन."

दुसऱ्यांदा बोललो. पहिल्यांदा निदान घाई होती.

बाहेर आल्यावर बाईनं पदराला चष्मा पुसला. "तीन आठवडे म्हणते तं तीन आठवडे. गळ्याले छिद्र पाडू दे. लोकं जगते तसेही. दोनच मिनिटं तं होते." मग म्हणाली, "माह्या नावाचे पैसे पोस्टात हायेत, ते काढजो उद्या. आन्‌ सही मले दाखव कुठी करायची ते."

मी तिला चहा आणून दिला. ती पीत होती. सकाळी तिच्याकडे कागद येणार, ती सही करणार आणि माझ्या एका आकड्यावर भाऊजींचा गळा कापला जाणार, हे मला त्या बाकावर बसून दिसत होतं. ते त्यातून काही बरे होणार नव्हते. डॉक्टरला ते जवळजवळ ठाऊक होतं, पण माझ्या दोनमुळे तिला तसं म्हणता येत नव्हतं.

"बाई," मी म्हणालो, "दोन नव्हते. आठ होते."

तिनं कप खाली ठेवला नाही.

"आठ मिनिटं मी काही केलं नाही. श्वास मोजत होतो. मला शिकवलं होतं तरी."

"मले मालूम हाये," ती म्हणाली.

"काय?"

"मी तिथीच होती ना बाबू. तू घड्याळाकडे पाहून राह्यला होता आन्‌ मी कांदा घासून राह्यली होती. मी विचारलं तं तू हात वर केला. मास्तरासारखा."

"मग डॉक्टरसमोर बोलली का नाहीस?"

"तू दोन म्हणला. मलेही दोनच पाह्यजे होते." तिनं उरलेला चहा जमिनीवर ओतला. "चोवीस वर्षं आकडे लिहून राह्यला तू. त्यातला हा एक धड सांगता नाई आला? माह्या भरवशावर कायले सोडला?"

मी तिच्या हातातला रिकामा कप घेतला. ती उठली आणि म्हणाली, "चाल. तिले सांग. मी हाये संगं."

डॉक्टरनं ऐकून घेतलं. ती रागावली नाही. मी मोबाइल पुढे केला, तिनं दोन्ही फोनच्या वेळा पाहिल्या, फाइलमधल्या दोनवर रेघ मारली, बाजूला आठ लिहिलं आणि खाली सही केली. "मग मी आठवडे मागणार नाही," ती म्हणाली. मी विचारलं, पहिल्या मिनिटाला दाबायला लागलो असतो तर? ती म्हणाली, "सांगता येत नाही, काका." मला वाटतं तिला सांगता येत होतं.

त्या दिवशीच बाईनं ठरवलं की गळ्याला छिद्र पाडायचं नाही, घरी न्यायचं. डॉक्टरनं दोनदा समजावून सांगितलं की घरी नळी काढल्यावर ते फार वेळ राहणार नाहीत. बाईनं दोन्ही वेळा मान हलवली आणि सही केली. मीही साक्षीदार म्हणून केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आम्ही निघालो. खाजगी रुग्णवाहिका, चालक आणि एक कर्मचारी. कर्मचाऱ्याचं काम नळीला जोडलेली रबरी पिशवी हातानं दाबत राहण्याचं. मूल शहर ओलांडल्यावर त्याचा हात भरून आला तेव्हा मी म्हणालो, मी दाबतो. त्यानं मला किती दाबायची ते दाखवलं. सावली गावाच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं, गाडी उसळायची, पण पिशवी सुटू दिली नाही. भाऊजींची छाती दर वेळी वर येत होती. बाई त्यांच्या डोक्याशी बसली होती. वाटेत ती एकदाच बोलली, चालकाला म्हणाली, "भाऊ, हळू घ्या."

गावात पोहोचलो तेव्हा दीड वाजला होता. मांडवाखाली त्याच बाजेवर निजवलं. मुकादम आला होता, ट्रॅक्टरवाला होता, गावच्या बुद्धविहारातली चार माणसं होती. कर्मचाऱ्यानं बाईला विचारलं, काढू का. ती म्हणाली, थांबा, आणि तिनं ओल्या फडक्यानं त्यांचं तोंड पुसलं, ओठाच्या फाटलेल्या कोपऱ्यावर तूप लावलं. मग म्हणाली, काढा.

भाऊजींनी स्वतःचे थोडे श्वास घेतले. त्यांचं हृदय चांगलं होतं, त्यामुळे वेळ लागला. शेवटी नाडी कर्मचाऱ्यानंच पाहिली. मृत्यूची वेळ दाखल्यावर लागते, म्हणून मी लिहून ठेवली: दुपारी दोन वाजून बावन्न मिनिटं.

माणसं जमू लागली तशी चालकानं मला गाडीच्या मागे बोलावलं. त्याला अंधारापूर्वी जंगलाबाहेर पडायचं होतं. त्याचे सहा हजार पाचशे ठरले होते, ते दिले. पिशवी दाबणाऱ्याचे आठशे वेगळे होते. तो म्हणाला, अर्धा रस्ता तुम्हीच दाबली, चारशेच द्या. मी त्याला आठशे दिले.